गर्भाशय-ग्रीवा परीक्षण

गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग योनिमार्गात किंचित पुढे आलेला असतो. त्यास ‘ग्रीवा’ अशी संज्ञा असून बोलीभाषेत ‘पिशवीचे तोंड’ असे म्हणतात. कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांची ग्रीवा ठराविक कालांतराने तपासून, पुढे ज्यांचे कर्करोगात रूपांतर होण्याचा संभव असतो असे तेथील कोशिकांमधील (पेशींमधील) बदल वेळीच हुडकून काढण्याच्या पद्धतीस गर्भाशय-ग्रीवा परीक्षण म्हणतात. चाळणीने धान्य चाळावे त्याप्रमाणे अनेक निरोगी स्त्रियांमधून अधिक तपासणीची गरज असलेल्या थोड्या स्त्रिया येथे वेगळ्या काढल्या जातात. म्हणून यास ‘चाळणी परीक्षा’ असेही नाव आहे. या परीक्षेत काही दोष आढळला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेणे इष्ट होय.

ग्रीवेचा कर्करोग सावकाश वाढणारा आहे. मानवी पॅपिलोमा व्हायरसाच्या (संक्षेपाने एचपीव्ही) काही विशिष्ट प्रकारांचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिल्यास ग्रीवेच्या उपकलेत (अस्तरातील कोशिकांच्या थरात) विकृती निर्माण होते व तिचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. एवढा दीर्घ अवधी हाती असलेला दुसरा कर्करोग क्वचितच आढळेल. असे असूनही २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षी सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला व सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. २०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी (१·९ टक्के) आयुष्यात कधी तरी हे परीक्षण करून घेतल्याचे आढळले.

सोयींचा अभाव हे या अनास्थेचे मोठे कारण आहे. तथापि सोय दाराशी आली असतानाही पुष्कळ स्त्रिया मागे राहतात. त्यांच्या मनातील प्रश्न वैद्यकीय नसतात. तपासणारा पुरुष असेल काय, कपडे किती काढावे लागतील, दार कोणी उघडेल काय, काय निघाले ते सासरी कळेल काय, असे ते प्रश्न असतात. त्यांची उत्तरे आधी मिळाली नाहीत तर स्त्री येत नाही आणि आलीच तर संकोचाने अंग आकसून घेते. योनिमार्गाभोवतीचे स्नायू ताठरले की उपकरण टोचते, ग्रीवा नीट दिसत नाही, नमुना अपुरा मिळतो आणि परीक्षा पुन्हा करावी लागते. या दृष्टीने पाहता एकांत व गुप्तता या बाबी रुग्णाविषयीच्या सौजन्यापुरत्या मर्यादित राहत नाहीत. निर्जंतुक उपकरणाइतक्याच त्या परीक्षणाच्या आवश्यक अंगांपैकी आहेत.

इतिहास : या तपासणीविषयी स्त्रियांच्या मनात असलेल्या धास्तीला इतिहासाचाही आधार आहे. योनिमार्ग विस्फारून आतील भाग पाहण्याच्या उपकरणास योनिदर्शक (स्पेक्युलम) म्हणतात. त्याच्या आधुनिक विकासाशी अमेरिकन शल्यचिकित्सक जे. मॅरियन सिम्स यांचे नाव निगडित आहे. १८४५ ते १८४९ या काळात अ‍ॅलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे त्यांनी गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. अनार्का, लूसी व बेट्सी ही त्यांतील तिघींची नावे खुद्द सिम्स यांच्या लेखनातून ज्ञात आहेत. या स्त्रिया नकार देण्याच्या स्थितीत नव्हत्या. पुढे ब्रिटनमध्ये १८६४ पासून झालेल्या सांसर्गिक रोगविषयक कायद्यांनी वेश्या म्हणून संशयित ठरलेल्या स्त्रियांची सक्तीने आंतरिक तपासणी करण्याचा अधिकार शासनाला दिला. भारतातही १८६८ मध्ये असा कायदा लागू झाला. जोसेफीन बटलर प्रभृतींच्या दीर्घ चळवळीनंतर ब्रिटनमधील कायदे १८८६ मध्ये व भारतातील कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. या उपकरणाशी सक्ती, संशय आणि बेअब्रू यांचा संबंध जोडला गेला तो काही अंशी यामुळे.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यात निराळ्या दिशेने विचार सुरू झाला होता. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, ही गरज आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस जाण्यापूर्वी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात मांडली होती. १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम्.डी. ही पदवी मिळविली. त्याच वर्षी स्त्रिया व बालके यांच्यासाठी मुंबईत कामा रुग्णालय उघडले आणि एडिथ पीची या इंग्रज स्त्री डॉक्टरने तेथील सूत्रे हाती घेतली. तपासणीच्या खोलीत कोण असावे, हा प्रश्न महाराष्ट्रात अशा रीतीने सव्वाशेहून अधिक वर्षांचा जुना आहे.

परीक्षणाची कल्पना मात्र विसाव्या शतकातील आहे. मूळचे ग्रीक असलेले अमेरिकन वैद्य जॉर्ज पापानिकोलाउ (१८८३–१९६२) यांनी योनिस्रावातील सुट्या कोशिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग ओळखता येतो, हे १९२८ मध्ये प्रथम मांडले. रूमानियातील आउरेल बाबेश यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तसाच निष्कर्ष काढला होता. पापानिकोलाउंच्या पत्नी आंद्रोमाखी (मेरी) यांनी प्रयोगशाळेत त्यांची साहाय्यक म्हणून काम केले, इतकेच नव्हे तर वर्षानुवर्षे स्वतःचे नमुनेही दिले. आरंभीच्या उपेक्षेनंतर हर्बर्ट ट्राउट यांच्या सहकार्याने १९४१ व १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनामुळे या पद्धतीस मान्यता मिळाली. तिला संशोधकाच्या नावावरून ‘पॅप चाचणी’ म्हणतात. १९४७ मध्ये अर्नेस्ट आयर यांनी ग्रीवेवरून कोशिका खरवडून घेण्यासाठी लाकडी चमसी (चपटी पट्टी) प्रचारात आणली. एचपीव्ही व हा कर्करोग यांमधील संबंध जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ट त्सुर हाउझेन यांनी १९८३–८४ मध्ये दाखवून दिला. या कार्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परीक्षणाचे प्रकार : सध्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पॅप चाचणीत ग्रीवेवरील कोशिका चमसीने किंवा मऊ कुंचल्याने घेऊन काचपट्टीवर पसरतात अथवा विशिष्ट द्रवात ठेवतात व प्रयोगशाळेत तपासतात. दुसऱ्या पद्धतीत ग्रीवेला ३ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक अम्लाचा (साधारणतः स्वयंपाकातील व्हिनेगराइतक्या तीव्रतेचा) बोळा लावतात आणि मिनिटभराने पाहतात. विकृत भाग पांढरा पडतो. ही स्वस्त असून निष्कर्ष तत्काळ मिळतो. भारत सरकारच्या २०१६ मधील मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हीच पद्धत सुचविली आहे. तिसऱ्या पद्धतीत नमुन्यात एचपीव्हीचे डीएनए आहे काय ते शोधतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या पद्धतीस अग्रक्रम दिला असून ती वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर पाच ते दहा वर्षांनी करावी, असे सुचविले आहे. एचआयव्हीबाधित स्त्रियांसाठी ही वयोमर्यादा पंचविशीवर आणली असून परीक्षणातील अंतर तीन ते पाच वर्षांचे ठेवले आहे.

महाराष्ट्रातील अनुभव : ग्रामीण भारतात ही परीक्षा कितपत शक्य व उपयुक्त आहे, याचे उत्तर मुख्यतः महाराष्ट्रातूनच मिळाले. बार्शी (जि. सोलापूर) येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गट पाडून वरील तिन्ही पद्धतींची तुलना केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, परीक्षण न झालेल्या गटात पुढील अवस्थेतील कर्करोग ८२ स्त्रियांना व मृत्यू ६४ होते. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या, संख्येने किंचित मोठ्या गटात हेच आकडे अनुक्रमे ३९ व ३४ होते. इतर दोन पद्धतींच्या गटांत अशी लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईतील झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून केलेल्या दुसऱ्या पाहणीत दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. तीत अम्लाचा बोळा लावून पाहण्याची पद्धत दर दोन वर्षांनी अशी चार वेळा वापरण्यात आली व ग्रीवेच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटांतील स्त्रियांना परीक्षणाविना ठेवून केवळ माहिती दिली गेली, यावर पुढे कडक टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या पाहण्यांतील दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी आहे. उस्मानाबादमध्ये नमुने घेण्याचे काम प्रशिक्षित साहाय्यक परिचारिका-प्रसाविकांनी केले. मुंबईत तर बेताच्या शालेय शिक्षणाच्या स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे ते सोपविले होते. मुंबईत बोलाविलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८९ टक्के आल्या. बोलावणारी, समजावणारी व तपासणारी अशा तिन्ही ठिकाणी स्त्रीच असली आणि तपासणी वस्तीलगत झाली की संकोचाचा अडसर बराच दूर होतो, असे यावरून म्हणता येईल.

पूर्वतयारी : या परीक्षेसाठी उपाशी राहावे लागत नाही. भूल देत नाहीत, टाके पडत नाहीत आणि रुग्णालयात राहावेही लागत नाही. टेबलावरील प्रत्यक्ष काम काही मिनिटांचे असते. दिवस मात्र विचारपूर्वक ठरवावा लागतो. पाळीचा रक्तस्राव चालू असताना कोशिका झाकोळल्या जातात. म्हणून स्राव पूर्ण थांबल्यावर काही दिवसांनी, साधारणतः पाळीच्या पहिल्या दिवसापासून दहाव्या ते विसाव्या दिवसांदरम्यानची तारीख सोयीची असते. भिंतीवरील दिनदर्शिकेवर पाळीची खूण करून ठेवण्याची अनेक घरांतील सवय येथे उपयोगी पडते. शिबिराची तारीख आपल्या दिवसांत आली तर तसे सांगून दुसरी तारीख मागावी. त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. परिचारिकेला हे रोजचेच असते. परंतु संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मधे अंगावरून जाणे किंवा दुर्गंधी पाणी जाणे अशी लक्षणे असल्यास चाळणी परीक्षेची वा शिबिराची वाट न पाहता डॉक्टरकडे जाणे आवश्यक आहे. रक्तस्राव चालू असला तरी जावे. चाळणी परीक्षा निरोगी स्त्रियांसाठी असते. लक्षणे असताना थेट निदानाचीच गरज असते.

तपासणीपूर्वी दोन दिवस योनिमार्गात औषधाच्या गोळ्या, मलम अथवा गर्भनिरोधक जेली वापरू नये, शरीरसंबंध टाळावा आणि आतून पाण्याने किंवा औषधी द्रवाने धुऊ नये. ही शेवटची सूचना मुद्दाम सांगावी लागते. कारण स्वच्छ होऊन जावे या सद्हेतूने अनेक स्त्रिया नेमके तेच करतात आणि तपासावयाच्या कोशिकाच धुऊन टाकतात. नेहमीचे स्नान पुरेसे असते. केस काढण्याची जरूरी नाही. पांढरे पाणी जात असल्यास ते लपविण्यासाठी काही करू नये. तेही तपासणाऱ्याला दिसणे हिताचे असते.

पोशाखाचा विचार क्षुल्लक वाटला तरी संकोचाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. पाचवारी किंवा सहावारी साडी व परकर यांत केवळ आतील वस्त्र काढून बाकीचे कपडे गुडघ्यांवर घेता येतात, काहीही सोडावे लागत नाही. सलवार पूर्ण काढावी लागते. तेव्हा वरचा कुडता लांब असावा. नऊवारी लुगड्याचा कासोटा सोडावा लागत असल्याने वयस्क स्त्रियांनी त्या दिवशी परकरावर साडी नेसून जाणे सोयीचे. घरची एखादी जुनी चादर सोबत नेल्यास केंद्रात पुरेशी पांघरुणे नसली तरी अडत नाही. तपासणीनंतर थोडे रक्त दिसू शकते, यासाठी एखादी घडी जवळ असावी. टेबलावर जाण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. भरलेल्या मूत्राशयाने अस्वस्थता वाढते.

शेवटच्या पाळीची तारीख, बाळंतपणे, आधीच्या चाचण्यांचे अहवाल, तांबी बसविली असल्यास ती केव्हा, रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास त्यांची नावे आणि गर्भाशय काढून टाकले असल्यास त्या शस्त्रक्रियेचे कागद, ही माहिती हाती असावी. दिवस राहिल्याची शंका असेल तर ती आधी सांगावी.

कोणाला बरोबर न्यावे हा नाजूक प्रश्न आहे. आपल्याकडे सासू, जाऊ किंवा नणंद सोबत जाते आणि तिचा आधारही वाटतो. परंतु तपासणीपूर्वी विवाहाचे वय, गर्भपात, पूर्वीचे आजार, शरीरसंबंध यांविषयी प्रश्न विचारले जातात आणि त्यांची खरी उत्तरे सासूसमोर देणे प्रत्येकीला शक्य नसते. म्हणून प्रश्नोत्तरांच्या वेळी सोबतीणीने बाहेर थांबावे आणि तपासणीच्या वेळी स्त्रीला हवे असल्यासच आत यावे, हा क्रम योग्य. हे सोबतीणीला सांगण्याची जबाबदारी केंद्रातील परिचारिकेने स्वतःकडे घ्यावी. सुनेवर ती टाकल्यास गुप्ततेचा हेतूच विफल होतो.

प्रत्यक्ष तपासणी व एकांत : स्त्रीला टेबलावर उताणे झोपवून गुडघे वाकवून बाजूला घेण्यास सांगतात व कमरेपासून खाली चादर पांघरतात. मग योनिदर्शक हळूहळू आत घालून उघडतात. धातूचे उपकरण गार लागते, म्हणून ते कोमट पाण्यात बुडवून घेणे चांगले. ते निरनिराळ्या मापांत मिळते. मूल न झालेल्या तसेच वयस्क स्त्रीसाठी लहान माप मागता येते. ते दुसऱ्या स्त्रीसाठी वापरण्यापूर्वी वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले जाते आणि तसे केले आहे काय, हे विचारण्याचा स्त्रीला अधिकार आहे. ग्रीवेच्या पृष्ठभागावर वेदनेची जाणीव कमी असते; कुंचला फिरताना ओढल्यासारखे किंवा पाळीत दुखते तसे किंचित वाटते, तर अम्लाच्या बोळ्याने थोडी जळजळ होते. तोंडाने सावकाश श्वास सोडत राहिल्यास स्नायू सैल पडतात. ‘थांबा’ म्हटल्याबरोबर तपासणाऱ्याने हात थांबविला पाहिजे. ही गोष्ट सुरुवातीसच सांगितल्यास बहुतेक स्त्रियांना थांबविण्याची गरजच भासत नाही, असा अनुभव आहे. पूर्वी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीला ही तपासणी विशेष जड जाते. तिने कारण न सांगता केवळ ‘मला भीती वाटते, सावकाश करा’ एवढे म्हटले तरी पुरते. आणि त्यापुढे चौकशी न करता तसे वागणे हे तपासणाऱ्याचे काम होय.

एकांताचे पुष्कळसे प्रश्न खोलीच्या मांडणीतच सुटतात. टेबलाची पायाकडील बाजू दाराकडे नसावी. दाराला आतून कडी व त्यामागे पडदा असावा. कपडे सावरण्यासाठी आडोसा हवा. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत शिबिर भरते तेव्हा खिडक्यांच्या फुटक्या तावदानांना कागद लावण्याइतकी साधी बाबही निर्णायक ठरते. नाव पुकारताना तपासणीचा प्रकार मोठ्याने सांगू नये. शिबिराच्या वृत्तान्तासाठी छायाचित्रे काढण्याची प्रथा आहे. रांगेतील स्त्रियांची छायाचित्रे त्यांना न विचारता काढणे हा गुप्ततेचा उघड भंग आहे. ज्या रुग्णालयांत वैद्यकीय विद्यार्थी शिकतात तेथे त्यांच्या उपस्थितीस स्त्री नकार देऊ शकते आणि त्यामुळे तिच्या उपचारांत कोणतीही उणीव येता कामा नये.

स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका मागण्यास हरकत नसते. ती उपलब्ध नसल्यास व पुरुष डॉक्टर तपासणार असल्यास दुसरी स्त्री खोलीत हजर असलीच पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या व केंद्र शासनाने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठविलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हा हक्क नमूद आहे. सज्ञान स्त्रीच्या तपासणीस तिची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीच्या किंवा सासरच्या संमतीची अट घालणे चुकीचे आहे.

अहवालाची गुप्तता : खोलीतील एकांत काही मिनिटांचा असतो, अहवालाची गुप्तता मात्र पुढे टिकवावी लागते. रुग्णाविषयी कळलेली माहिती डॉक्टरने, न्यायालयाचा आदेश अथवा इतर काही मोजके अपवाद वगळता, उघड करू नये, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत सांगितले आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. तथापि गुप्तता फुटते ती बहुधा साध्या हलगर्जीपणामुळे. केसपेपर टेबलावर उघडा राहतो, अहवाल गावातील ओळखीच्या माणसाबरोबर पाठविला जातो, नोंदवही कोणालाही चाळता येते. ज्या पद्धतीत निष्कर्ष तत्काळ मिळतो तीत तर आतून उशिरा बाहेर आलेली स्त्री कोणती, हे बाहेर बसलेल्या सगळ्याजणींना दिसते. म्हणून प्रत्येकीशी तपासणीनंतर सारखाच वेळ बोलण्याची पद्धत ठेवणे श्रेयस्कर.

यांत दूरध्वनीचा क्रमांक ही अलीकडची अडचण आहे. नोंदणीच्या वेळी अनेक स्त्रिया पतीचा किंवा मुलाचा भ्रमणध्वनी क्रमांक देतात, कारण घरात तोच असतो. अहवालाचा संदेश त्याच क्रमांकावर येतो व तो प्रथम कोण वाचतो हे सांगता येत नाही. अशा वेळी संदेशात चाचणीचे नाव व निष्कर्ष न लिहिता ‘केंद्रात येऊन भेटावे’ एवढेच लिहिण्यास सांगता येते; किंवा अमुक दिवशी मी स्वतः येईन, फोन करू नये, असे केसपेपरवर लिहून घेता येते. गावातील आशा कार्यकर्ती बहुधा शेजारचीच, कधी नात्यातीलही असते. तिचे बोलावणे कामी येते, परंतु अहवाल तिच्यामार्फत यावा की नाही हे स्त्रीने स्वतः ठरवावे. ही निवड नोंदणीच्या वेळीच विचारली जावयास हवी आणि बहुतेक ठिकाणी ती विचारली जात नाही.

एचपीव्ही चाचणीमुळे या प्रश्नाला नवी धार आली आहे. हा व्हायरस मुख्यतः लैंगिक संपर्कातून पसरतो, एवढे अर्धवट ज्ञान घरात पोहोचले की ‘तो आला कोठून’ असा संशय उद्भवतो. वस्तुस्थिती अशी की, लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा संसर्ग होतो. बहुसंख्य संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात; काही मात्र अनेक वर्षे सुप्त राहून नंतर चाचणीत प्रकट होतात. तेव्हा संसर्ग केव्हा झाला व कोणापासून झाला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. एकाच जोडीदाराशी आयुष्यभर संबंध असलेल्या स्त्रीतही तो आढळतो. अहवाल हाती देताना परिचारिकेने ही तीन-चार वाक्ये न चुकता सांगावीत. शक्य झाल्यास स्त्रीची इच्छा असेल तर पतीलाही सांगावीत. चाचणीत व्हायरस आढळल्यास ग्रीवा अम्ल लावून किंवा ग्रीवादर्शकाने (कॉल्पोस्कोपने) मोठी करून पाहतात, आवश्यक तेथे लहानसा तुकडा काढून जीवोतक परीक्षा (बायोप्सी) करतात. कर्करोगपूर्व विकृती असल्यास ती गोठवून, उष्णता देऊन अथवा विद्युत् तारेच्या वळ्याने काढून टाकता येते. गर्भाशय काढण्याची गरज यांपैकी फार थोड्या स्त्रियांना पडते. [→ कर्करोग].

स्वतः नमुना घेणे : एचपीव्ही चाचणीचा एक अनपेक्षित लाभ असा की, तीसाठी ग्रीवा डोळ्यांनी दिसणे आवश्यक नसते. योनिमार्गात लहान कुंचला किंवा कापसाची काडी फिरवून स्त्री स्वतः नमुना घेऊ शकते. योनिदर्शकही लागत नाही आणि दुसऱ्या कोणाचा हातही. डीएनए बहुगुणित करणारी योग्य चाचणी वापरल्यास असा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो. नेदर्लंड्सने २०१७ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही सोय केली. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून परीक्षणास पात्र असलेल्या प्रत्येक स्त्रीला ही निवड खुली झाली, तर अमेरिकेत २०२४ मध्ये दवाखान्यात बसून स्वतः नमुना घेण्यास मान्यता मिळाली. पॅप चाचणी व अम्लाची पद्धत यांसाठी ही युक्ती चालत नाही. तसेच दोष आढळल्यास पुढील तपासणीसाठी टेबलावर जावेच लागते; त्यामुळे स्वतः नमुना घेण्याची सोय झाली तरी खोलीतील एकांताचा प्रश्न मिटत नाही, फक्त तो थोड्या स्त्रियांपुरता उरतो.

विशेष परिस्थिती : ज्यांचा कधीही शरीरसंबंध आलेला नाही त्यांना या रोगाचा धोका अत्यल्प असतो व त्यांना सहसा परीक्षणाची जरूरी नसते. याउलट विधवा, परित्यक्ता आणि पाळी गेलेल्या स्त्रिया ‘आता आम्हाला काय करायचे’ असे म्हणून मागे राहतात. वस्तुतः पूर्वीच्या संसर्गाचे परिणाम त्यांच्यात याच वयात दिसू लागतात. पाळी गेल्यानंतर योनिमार्ग कोरडा पडतो व तपासणी दुखते. अशा वेळी डॉक्टरच्या सल्ल्याने आधी काही दिवस ईस्ट्रोजेनयुक्त मलम लावतात. गर्भाशय ग्रीवेसह आणि कर्करोगाव्यतिरिक्त कारणासाठी काढले असेल व पूर्वी ग्रीवेत विकृती आढळलेली नसेल, तर परीक्षण करावे लागत नाही. परंतु काही शस्त्रक्रियांत ग्रीवा मागे ठेवली जाते, तेव्हा कागद दाखवून खात्री करून घ्यावी.

एचपीव्हीविरुद्ध लस उपलब्ध असून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय लस २०२३ मध्ये प्रचारात आली. जगभरातील या कर्करोगापैकी सुमारे ७० टक्के रोगास कारणीभूत असलेल्या १६ व १८ या क्रमांकांच्या प्रकारांपासून ती संरक्षण देते. इतर प्रकारांमुळे होणारा रोग शिल्लक राहतो. लैंगिक जीवन सुरू होण्यापूर्वी ती टोचणे अधिक परिणामकारक असते. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर परीक्षण करून घ्यावयाचे असते.